संपर्क होऊ शकला नाही

फोनवरच्या मुलीने नाव घेतलं तेव्हा तो वाटाणे सोलत होता, आणि ते नाव त्याचं स्वतःचं होतं. शेंग अर्धी उघडलेली, अंगठा आत, आणि कानाशी तो ओळखीचा, घाईतला पण गोड आवाज म्हणत होता, "सर, हे तुमच्याकडे कर्मचारी विभागात होते असं त्यांनी लिहिलंय. एवढं कन्फर्म करून द्या ना." असे फोन त्याला नवे नव्हते. लिफ्टचे दरवाजे बनवणारी त्याची कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली होती, तरी ऑफिसचा नंबर जिवंत होता, कारण शेवटच्या आठवड्यात त्याने तो आपल्या मोबाईलवर वळवून घेतला होता. तसं करायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण सगळी माणसं दाही दिशांना पांगणार, जिथे जातील तिथे नवा मालक कुठल्यातरी पडताळणी कंपनीला सांगणार की या माणसाचं मागचं पुढचं काढा, आणि ती कंपनी जुन्या ठिकाणी फोन लावणार, हे कर्मचारी विभागात जन्म काढलेल्या त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती. फोन नुसता वाजत राहिला तर माणसाचं घोडं तिथेच अडतं. म्हणून तो उचलायचा. बाजारात, जिन्यात, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना. फोन आला की त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची, आवाज खाली उतरायचा, आणि बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "आले बाई, साहेब." मग तो जुना लॅपटॉप उघडून तारखा वाचायचा, पद सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "हो, होते." याहून जास्त एक अक्षर नाही. माणूस चांगला होता की वाईट हे सांगायचं नसतं. सांगितलं की उद्या कोणीतरी कोर्टात उभं करतो, हे त्याला कंपनीच्या वकिलाने फार पूर्वी शिकवलं होतं आणि ते त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

आता तेच दोन शब्द त्याच्या तोंडात तयार होते. म्हणून टाकले असते तर काम झालं असतं. मुलीला तो कोण हे माहीत नव्हतं, तिच्यासाठी तो एक नंबर आणि एक आवाज. आणि खोटं तरी काय होतं त्यात? तो होताच तिथे. फिटर होता, क्रेनवाला होता, भांडून गेलेला हिशेबनीस होता, तसा तोही होता, त्या सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या नंतर जाणारा. पण अंगठा शेंगेत अडकून राहिला आणि आपल्या तोंडून दुसऱ्याच कोणाचे तरी शब्द त्याने ऐकले.

"तो मीच," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही ज्यांचं विचारताय, ते बोलतायत."

पलीकडे बाकीच्यांचे आवाज ऐकू येत राहिले, कोणीतरी कोणालातरी पिनकोड विचारत होतं. मग मुलगी हळूच म्हणाली, "सर, मग हे मला तुमच्याकडून घेता येणार नाही."

"माहीत आहे मला."

"दुसरं कोणी आहे का तिथे?"

"कोणी नाही."

"बरं. बघते मी काय करता येतं," असं म्हणून तिने फोन ठेवला. बायकोने विचारलं, कोणासाठी होता. तो म्हणाला, "माझ्यासाठी." तिला ती थट्टा वाटली. नेहमीसारखं कोणातरी फिटरचं काम असणार, असं धरून ती वाटाणे उचलून आत गेली.

थट्टा नव्हती. दोन वर्षं अर्ज करकरून जीव मेटाकुटीला आल्यावर एका रुग्णालयाच्या कर्मचारी विभागात त्याला होकार मिळाला होता. पन्नाशी उलटलेल्या माणसाला होकार मिळणं ही काय चीज असते ते ज्याला मिळाला नाही त्यालाच कळतं. तिथल्या बाईंनी समोर चहा ठेवून म्हटलं होतं, "आम्हाला असाच अनुभवी माणूस हवाय. फक्त पडताळणी तेवढी येऊ दे, ती फॉर्मॅलिटी आहे." संमतीच्या कागदावर सही करताना त्याला चक्क अभिमान वाटला होता. हा सगळा व्यवहार त्याने कोळून प्यायलेला. नव्या पोरांना तो स्वतःच सांगायचा, अहो घाबरता कशाला, लपवायला काही नसेल तर भ्यायला काही नाही. आता त्याच्यापाशी लपवायला काही नव्हतं आणि दाखवायलाही नव्हतं, हे काही त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. बायको औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभी राहायची आणि संध्याकाळी तिची पावलं सुजून चपलेत मावायची नाहीत. ती कधी बोलून दाखवायची नाही, आणि तेच त्याला जास्त टोचायचं. ही नोकरी लागली की तिला म्हणायचं, उद्यापासून जाऊ नकोस, एवढं एक वाक्य त्याने मनात ठेवलं होतं.

कागद होते त्याच्याकडे, नव्हते असं नाही. पण अनुभवाच्या दाखल्यावर सही त्याचीच होती. हे असं कसं झालं असं मुलाखतीत कोणी विचारलं नाही म्हणून त्याने सांगितलं नाही. थोरले मालक जाऊन वर्ष झालं होतं, धाकटे मालक परदेशी निघून गेलेले, व्यवस्थापक दोन महिने आधीच दुसरीकडे लागलेले, आणि जाताना आपला दाखला त्याच्याकडून लिहून घ्यायला विसरले नव्हते. त्या शेवटच्या दुपारी ऑफिसात तो आणि पंखा एवढेच होते. त्याने एकेकाचा दाखला छापला, शिक्का मारला, सही केली, पाकिटात घातला. रंगखात्यातल्या बाईचा, क्रेनवाल्याचा, हिशेबनिसाचा सुद्धा, आणि हिशेबनिसाच्या कागदावर शिक्का जरा जोरातच मारला. शेवटी उरला तो स्वतः. आता याच्यावर सही कोणाची घ्यायची म्हणून तो खरोखर दारापर्यंत गेला, बाहेर डोकावून आला. मग बसला आणि केली. खाली छापलेलंच होतं, पुढील वाटचालीस शुभेच्छा. स्वतःच स्वतःला शुभेच्छा देऊन तो घरी आला, आणि त्या वेळी त्याला त्याचं हसू आलं होतं. पगार म्हणावा तर बँकेत तो मालकांच्या दुसऱ्याच कंपनीच्या नावाने यायचा, करखात्यातही तेच नाव, कारण थोरल्या मालकांच्या चार कंपन्या होत्या आणि कुठल्या खिशातून कुठल्या खिशात काय जातं हे त्यांनाच ठाऊक. त्या वेळी हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. पैसे येत होते, माणसं खूश होती.

चार-पाच दिवसांनी अहवाल आला. रुग्णालयाने तो सोबत पत्र जोडून पाठवला होता, कारण नकार देण्याआधी माणसाला अहवाल दाखवावा लागतो आणि हरकत घ्यायला मुदत द्यावी लागते. पत्रातलं एकूण एक वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. अशीच पत्रं त्याने लिहिली होती, इतकीच सभ्य, इतकीच गुळगुळीत, हात न लागू देणारी. अहवाल बहुतेक हिरवा होता. राहता पत्ता हिरवा, एक माणूस येऊन दाराचा फोटो काढून गेला होता. कोर्टकचेरी हिरवी. पदवी हिरवी, ज्या कॉलेजात तो वर्गात कमी आणि बाहेर जास्त असायचा त्या कॉलेजानेही तो आमच्याकडे होता असं छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि दरवाजांच्या कंपनीतल्या त्याच्या एकोणीस वर्षांपुढे पिवळी पट्टी आणि एक ओळ: संपर्क होऊ शकला नाही, पडताळणी अपूर्ण. ती ओळ वाचून त्याचं डोकंच फिरलं. कोणाशी संपर्क होऊ शकला नाही? त्याच्याशी? न्हाव्याच्या खुर्चीतून फोन उचलणाऱ्याशी? नाकारलं असतं तर त्याने मान्य केलं असतं, नियम आहे, स्वतःची साक्ष स्वतः देता येत नाही, ठीक. पण बोलणं होऊन बोलणं झालंच नाही असं लिहायचं म्हणजे काय? त्या दिवशी तो खरं बोलला होता, आणि खरं बोलल्याचं बक्षीस म्हणून तो नाहीसाच झाला होता. दोन दिवस तो घरात धुसफुसत फिरला. नळ घट्ट बंद केला म्हणून नळाची चकती तुटली, त्यावरून बायकोशी वाजलं.

व्यवस्थापकांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, मी एका पायावर सांगितलं असतं रे. पण ते सगळं कोर्टात चाललंय ना. वकील म्हणतो, जुन्या कंपनीबद्दल तोंड उघडायचं नाही. तू तर जाणतोस." हो, तो जाणत होता.  धाकट्या मालकांना मेसेज केला, तो त्यांनी वाचला, आणि वाचला एवढंच. मग तो नुसता बसून राहायला लागला, आणि बसल्या बसल्या त्याला एक विचित्र वाटणं छळू लागलं. आपण तिथे होतो याला आता आपल्याशिवाय आधार नाही, आणि आपल्याला तर मोजण्यात धरत नाहीत. मग तो डोळे मिटून एकेक गोष्ट तपासायचा. केबिनची खिडकी रंगखात्याकडे उघडायची, त्यामुळे टेबलावर रोज बारीक पूड बसायची, करड्या रंगाची ऑर्डर असेल तर करडी, तांबूस असेल तर तांबूस. तो रोज सकाळी फडक्याने पुसायचा आणि फडक्याच्या रंगावरून आज काय निघतंय ते त्याला कळायचं. पत्रा कापताना येणारा करकरीत आवाज ऐकून पहिली काही वर्षं दात शिवशिवायचे, मग ते थांबले. कधी थांबले ते आठवेना. रंगखात्यातली बाई एकदा त्याच्या टेबलाशी येऊन रडली होती, पण कशासाठी, तेही आठवेना, फक्त तिच्या कोपराला लागलेला पिवळा रंग स्पष्ट दिसत होता. हे खरंच घडलं होतं की त्याने रचलं होतं? असा प्रश्न त्याला आयुष्यात कधी पडला नव्हता, आणि पडला याचाच त्याला संताप आला. मुदत संपायला एक दिवस होता. तो उठला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पडताळणी कंपनीच्या पत्त्यावर गेला.

इमारत काचेची, वर सातव्या मजल्यावर ऑफिस. लिफ्टचं दार मिटलं तेव्हा मिटण्याआधी ते किंचित थबकलं, आणि त्या थबकण्यावरून त्याने ओळखलं, हे आपलं. खालच्या पट्टीवर कंपनीचं नाव कोरलेलं असायचं, त्याने वाकून पाहिलं, तर तिथे चटई होती. चटई उचलावी असं वाटलं, पण शेजारी एक माणूस उभा होता आणि तो आधीच त्याच्याकडे बघत होता. वर काउंटरपाशी जाऊन तो म्हणाला, "मला एका अहवालावर हरकत नोंदवायची आहे." एवढंच. पण काउंटरमागच्या हॉलमध्ये कानांना हेडफोन लावून बसलेल्या तीन-चार जणांनी माना वळवल्या, आणि एकजण शेजारणीला म्हणाला, "अगं, होते-सर." त्याला आधी कळलं नाही. मग कळलं की दोन वर्षं हे लोक त्याला याच नावाने ओळखतात, आणि त्यांच्यात त्याच्या आवाजाची नक्कलही होत असणार. सबंध शहरात त्याला आवाजावरून ओळखणारी एवढी माणसं दुसरीकडे नव्हती. त्याला हसावं की ओरडावं ते कळेना.

मधल्या रांगेतून एक बाई उठून आली. हीच ती फोनवरची मुलगी. मुलगी कसली, चाळिशीची असेल, कानशिलावर पांढरे केस, चष्मा डोक्यावर सरकवलेला. ती त्याला पाण्याच्या मशीनपाशी बोळात घेऊन गेली.

"तुम्ही यायला नको होतं, सर."

"का नको? असं कसं लिहिलंत तुम्ही? आपण बोललो नाही का?"

"बोललो."

"मग?"

"मग काय लिहू?" तिने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "उत्तर देणारा आणि उमेदवार एकच, असं लिहिलं असतं ना, तर फाईल आतल्या बाईंकडे गेली असती. त्या कायद्याचं बघतात. त्यांचा पहिला प्रश्न काय असतो माहितीये? हा माणूस आज तिथे कोण? कंपनी तर बंद. मग दोन वर्षं या नंबरवरून जे जे आलं, ते कोणाच्या अधिकारात आलं?"

हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तो म्हणाला, "पण ते सगळं खरं होतं."

"खरंच होतं हो. मी कुठे खोटं म्हणतेय? मी तर तुमची दहा-बारा माणसं पास केली असतील. पण अधिकार नव्हता ना तुम्हाला. त्यांचे सगळे अहवाल परत उघडतील. तुमचा तो क्रेनवाला विमानतळावर लागलाय. तिथे असल्या शंकेवर आधी घरी बसवतात, मग चौकशी करतात."

"आणि तुमचं?"

"माझं काय, मी तर बोलणं झालं असून नाही झालं लिहिलं. मला कोण ठेवील?"

त्याला तिचा राग आला. तिच्या चांगुलपणाचाच राग आला, कारण त्या चांगुलपणाने त्याला पुरता जखडून ठेवलं होतं. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे उपकार करायला?"

ती जराही दुखावली नाही. म्हणाली, "तुम्हाला तरी कोणी सांगितलं होतं?"

तेवढ्यात काउंटरवरून निरोप आला, आत बोलावलंय. आतल्या बाई शांत होत्या, बारीक फ्रेमचा चष्मा, टेबलावर एक कागद आणि एक पेन. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी हवं का विचारलं. मग म्हणाल्या, "हरकत घेणं तुमचा हक्क आहे, आणि तुम्ही स्वतः आलात ते बरं केलंत. मला एवढंच सांगा, आमचं म्हणणं आहे संपर्क झाला नाही. तुमचं काय म्हणणं आहे?"

"हरकत घेतली तर तुम्ही काय करता?"

"आम्ही मुळापर्यंत जातो. त्या नंबरवर कधी फोन लावला, कोणी उचलला, सगळं काढतो. कॉल रेकॉर्ड होतात. त्यातून तुमची बाजू खरी निघाली तर अहवाल दुरुस्त करतो."

"आणि त्या नंबरवरून बाकीच्यांचं झालंय ते?"

"ते ओघाने आलंच," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "का? काही आहे का त्यात?"

काही नाही, तो म्हणाला.  गेले उडत सगळे, असं त्याच्या मनात आलं, आणि ते मनात येऊ दिल्यावर त्याला बरं वाटलं. क्रेनवाल्याने विमानतळावर लागल्याचं साधं कळवलंसुद्धा नव्हतं. हिशेबनीस रस्त्यात दिसला तर पलीकडच्या फुटपाथला जातो. दोन वर्षांत एकाने तरी विचारलं, साहेब, तुमचं काय झालं, लागलात का कुठे? त्यांना त्याची आठवण नव्हती, त्यांना त्याच्या दोन शब्दांची गरज होती आणि ते दोन शब्द मिळत होते, संपलं. त्यांची नोकरी राहावी म्हणून याच्या बायकोने सुजलेल्या पायांवर उभं राहायचं, हा कुठला न्याय? आणि मुळात गुन्हा काय, तर खरं होतं ते सांगितलं, विचारणाऱ्याला उपाशी पाठवलं नाही. एक शब्द बोलायचा होता, हो, मी उचलला. बाकी जे व्हायचं ते या बाई करतील, तो काहीच करणार नाही. तो तोंड उघडत होता. त्याच्या डोळ्यांसमोर नेमका क्रेनवाला आला, तोही उपकार आठवणारा वगैरे नाही, नुसता उंचावरच्या केबिनमध्ये बसून खाली पाय सोडून शेंगदाणे खाणारा, आणि खाली टरफलं पडतात म्हणून त्याला त्याने दोनदा मेमो दिला होता. त्या माणसाला घरी बसवायचं, आपण बसलोय तसं, वाटाणे सोलत, हे त्याला जमेना. जमत नाही म्हणून त्याला स्वतःचीच चीड आली. चांगलं वाटलं नाही. आत कुठे दिवा वगैरे लागला नाही. हात बांधून कोणी थोबाडीत मारावी आणि वर आपणच गाल पुढे करावा, एवढंच वाटलं.

"माझी हरकत नाही," तो म्हणाला.

बाईंनी भुवया उंचावल्या. "नक्की? एकदा रुग्णालयाला कळवलं की मग बदलता येत नाही. मग त्या एकोणीस वर्षांचा अनुभव धरला जाणार नाही."

"नका धरू."

"संपर्क झाला नाही, हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे." त्याने पेन उचललं आणि सही केली, इतकी दाबून की खालच्या कागदावरही उमटली. बाहेर हॉलमध्ये ती फोनवरची बाई कोणाशी तरी बोलत होती, तिने मान वर केली, पण तो तिच्याकडे न बघता निघाला. लिफ्ट न घेता सात मजले जिन्याने उतरला. 

घरी आला तेव्हा बायको नुकतीच दुकानातून आली होती आणि टबात गरम पाणी घेऊन पाय बुडवून बसली होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने टीव्हीचा आवाज बंद केला. "काय म्हणाले?"

"काही नाही. त्यांना लिहून दिलं."

"काय लिहून दिलं?"

तो खुर्चीत बसला. सगळं सांगायला हवं होतं, क्रेनवाला, नंबर, अधिकार, ती बाई. त्याने सुरुवात केली आणि मध्येच कंटाळून सोडून दिली, कारण सांगताना ते फार थोर वाटायला लागलं आणि तसं ते नव्हतं. "नोकरी गेली एवढं समज," तो म्हणाला. "मी तिथे होतो हे धरू नका, असं लिहून दिलं."

"तिथे म्हणजे? दरवाजांच्या कंपनीत?"

"हो."

"एकोणीस वर्षं?"

"हो."

तिने एक पाऊल पाण्याबाहेर काढलं, टॉवेलवर ठेवलं. मग म्हणाली, "मग मी रोज सकाळी उठून डबा कोणाला भरत होते?"

ती थट्टा करतेय असं वाटून त्याने वर पाहिलं. ती उत्तराची वाट बघत होती.